फुकटचं होस्टिंग आणि डॉक्टरांची दाढ

खरेदी कशी करायची हे मला कोणी शिकवू नये! पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी सव्वीस वर्षं काढली. नट-बोल्टपासून क्रेनपर्यंत सगळं घेतलं आणि एकही वस्तू तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय घेतली नाही. कोटेशनं शेजारी शेजारी मांडायची, सगळ्यात कमी आकड्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचा आणि सही ठोकायची. बस्स! गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण पेन्सिल घरी घेऊन आलो. केस कापायचे असले तरी मी तीन दुकानांत भाव विचारतो. त्यामुळे माझे केस कसे दिसतात, हा प्रश्न वेगळा.

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. सगळे तिला ‘डॉक्टर’ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो, अगदी भांडतानासुद्धा. आम्ही वर राहतो आणि खाली तिचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या आणि एक टेबल, आतल्या खोलीत ती मोठी खुर्ची, जिच्यात बसल्यावर भल्याभल्यांची बोलती बंद होते. बाहेरच्या टेबलामागे एकोणीस वर्षं मावशी बसत आल्या. कोणाला कधी बोलवायचं, कोण वेळेवर येतं, कोण दारापर्यंत येऊन पळून जातं, हे सगळं मावशींच्या रजिस्टरमध्ये आणि त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात असायचं.

त्या मावशी एका सोमवारी म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्या मुलीचे दिवस भरत आलेत. मी तीन महिने तिच्याकडे राहणार. पुढच्या सोमवारी निघते.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी ओळखतो. पेशंटनं तोंड उघडलं की आत काय काय सापडतंय ते बघायची नजर!

“तुम्ही घरीच असता ना?” ती म्हणाली.

“मी? रिसेप्शनवर?” मी उडालोच. “अगं, माझ्या केबिनबाहेर लोक मांडीवर फायली घेऊन तास तास बसायचे! आणि आता मी बाहेर बसून ‘पुढचे कोण?’ असं ओरडू?”

“मग दुसरं कोण आहे?”

“आठ दिवस दे. असा माणूस बसवतो की तो चहा मागणार नाही, रजा मागणार नाही, पगारही मागणार नाही!”

“असा कोण आहे?”

“एजंट!”

“विम्याचा?”

“एआय एजंट!” मी म्हणालो. “पेशंटनं मेसेज पाठवला की तो वाचतो, तुझी डायरी बघतो, वेळ देतो, शंकांना उत्तरं देतो. माणसासारखा बोलतो. आणि प्रोग्रॅम चक्क फुकट मिळतो. आपणच उतरवून घ्यायचा, आपणच चालवायचा.”

डॉक्टरनं उजव्या गालाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग म्हणाली, “ठीक आहे. पण त्या एजंटमुळे माझा एक जरी पेशंट गेला, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या खुर्चीत. रजिस्टर घेऊन!”

“मंजूर!” मी म्हणालो. मला काय माहीत होतं!

आता प्रोग्रॅम फुकट असला तरी त्याला राहायला जागा लागते. म्हणजे कुठला तरी सतत चालू असणारा कॉम्प्युटर भाड्यानं घ्यावा लागतो. त्याला होस्टिंग म्हणतात. हे मला तीन दिवस व्हिडिओ बघून कळलं, आणि कळल्याबरोबर माझ्या अंगात जुना खरेदी अधिकारी संचारला. भाड्यानं घ्यायचंय ना? मागवा कोटेशनं!

पहिलं कोटेशन एका भल्यामोठ्या कंपनीचं. त्यांच्याकडे वापराल तेवढे पैसे, पण वापर मोजण्याच्या अठरा तऱ्हा! फोनवरची मुलगी इतकी गोड बोलत होती की मला लगेच संशय आला. दुसरं कोटेशन एका मध्यम कंपनीचं. महिन्याला ठरलेली रक्कम, एजंट सतत जागा, आणि प्रत्येक पेशंटसाठी वेगळा कप्पा, म्हणजे एकानं सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही. तिसऱ्या कोटेशनचा आकडा होता शून्य! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शून्यच! अटी दोनच होत्या. पंधरा मिनिटं कोणाचा मेसेज आला नाही तर एजंट झोपणार आणि उठायला मिनिटभर घेणार. आणि वेगळे कप्पे मिळणार नाहीत, सगळ्यांची आठवण एकाच वहीत.

म्हणजे, दोनच अटी मी वाचल्या होत्या. करार अकरा पानांचा होता आणि मी चौथ्या पानावर थांबलो.

डॉक्टरला तिन्ही कोटेशनं दाखवली.

“मधलं घ्या,” ती म्हणाली. “मीसुद्धा कोणाच्या दातात सगळ्यात स्वस्त सिमेंट भरत नाही.”

“तुला दात कळतात, मला खरेदी कळते! आणि मला सांग, मावशींची किती रजिस्टरं होती?”

“एक.”

“मग! याचीही एकच वही. बिघडलं कुठे?”

मावशींच्या रजिस्टरला तोंड नव्हतं, हा मुद्दा तेव्हा दोघांच्याही लक्षात आला नाही. मी शून्याभोवती लाल गोल काढला.

एजंटला कामाच्या सूचना द्यायच्या होत्या. मी नेटक्या मराठीत लिहिल्या. दवाखान्याच्या वेळा लिहिल्या, दहा ते एक आणि पाच ते आठ. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते लिहिलं. आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक वाक्य घातलं: “पेशंटशी घरच्यासारखं बोल, आपल्याला जे जे माहीत आहे ते वापरून त्यांना धीर दे.” या वाक्यावर मी इतका खूश झालो की ते मी आईला वाचून दाखवलं.

सोमवारी मावशी गेल्या आणि एजंट रुजू झाला. मंगळवारी सकाळी गणिताच्या बाईंची दाढ दुखू लागली. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मेसेज पाठवला, “आज वेळ मिळेल का?” एजंट झोपलेला. अर्ध्या मिनिटात उत्तर नाही म्हणून बाईंनी पुन्हा पाठवला. मग पुन्हा. दाढ दुखणाऱ्या माणसाला मिनिट किती मोठं वाटतं! एजंट उठेपर्यंत बाईंचे पाच मेसेज जमले होते. त्यानं पाचही वाचले आणि पाच वेगवेगळ्या वेळा देऊन टाकल्या. सकाळचा दवाखाना बाईंनी भरला!

साडेअकरा वाजता डॉक्टर बाहेर आली. सहाही खुर्च्या रिकाम्या.

“बाई मघाशीच गेल्या. आता कोण आहे?”

मी मोबाइलमध्ये पाहिलं. “बाईच.”

“आणि नंतर?”

“…बाई.”

“त्यांना काय पाच दाढा दुखतायत?” डॉक्टरनं टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

एजंटला जागं ठेवायला हवं होतं. दर दहा-बारा मिनिटांनी आपोआप मेसेज पाठवणारी एक सोय मिळते, पण कराराचं नववं पान काढलं तर तिथे स्पष्ट लिहिलेलं, आपोआप जागं ठेवाल तर खातं बंद. खऱ्या माणसानं मेसेज पाठवला तर हरकत नाही. आता दिवसाचे सहा तास, दर बारा मिनिटांनी, न कंटाळता मेसेज पाठवणारा खरा माणूस आणायचा कुठून?

माणूस वरच गॅलरीत बसला होता. आई!

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिनं एकतीस वर्षं नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. कोणाची लाइन कोणाला जोडायची ते सगळं तिच्या हातात. तिला मी काम समजावलं तेव्हा ती ताठ बसली.

“म्हणजे लाइन जिवंत ठेवायची,” ती म्हणाली.

“बरोब्बर!”

“ड्यूटी किती ते किती?”

तिनं स्वयंपाकघरातलं टायमर मागून घेतलं, बारा मिनिटांवर लावलं आणि कामाला लागली. पहिला मेसेज माझ्यासमोरच गेला.

“हॅलो. लाइन चालू आहे का?”

“नमस्कार! हो, चालू आहे. मी आपली काय मदत करू?”

“काही नाही. चेक करत होते.”

“छान! आपला दिवस आनंदात जावो!”

आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “किती अदबीनं बोलतो रे! तू कधी म्हणालास मला, दिवस आनंदात जावो?”

आणि खरं सांगतो, त्यानंतर दहा दिवस दवाखाना घड्याळासारखा चालला. मेसेज आला की उत्तर तयार. कोणाची वेळ चुकली नाही, कोणी ताटकळलं नाही. मी खाली सहापैकी एका खुर्चीत ऐटीत पेपर वाचत बसायचो. जुन्या ऑफिसातल्या दोन मित्रांना फोन करून सांगितलं, “शून्य खर्च! पुरावा पाहिजे तर येऊन बघा!” डॉक्टरनंसुद्धा एकदा जेवताना कबूल केलं, “बरं चाललंय.” तिच्या तोंडून ‘बरं’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पदक.

ती जेवत होती डाव्या बाजूनं. आई तिच्याकडे बघत होती.

“सूनबाई, दाढ दाखव गं कोणाला तरी,” आई म्हणाली.

“बघू हो आई. काही विशेष नाही.”

“तीन महिने बघतेयस.”

“पुढच्या आठवड्यात जाते,” डॉक्टर म्हणाली आणि पाणी प्यायला उठली. हे ‘पुढच्या आठवड्यात’ मीही तीन महिने ऐकत होतो. पण माझं लक्ष एजंटकडे होतं.

गॅलरीतून आता अधूनमधून हसण्याचा आवाज यायला लागला. “काय गं आई?” विचारलं तर म्हणायची, “काही नाही, ड्यूटी चाललीय.” मला वाटलं, म्हातारीला विरंगुळा मिळाला. दिवसाला तीस मेसेज म्हणजे दहा दिवसांचे तीनशे होतात, आणि तीनशे वेळा नुसतं ‘हॅलो’ म्हणून फोन ठेवणं माझ्या आईच्या स्वभावात बसत नाही, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

पहिला धक्का शिंप्यानं दिला. तो दाताला कॅप बसवून घ्यायला आला होता. माझ्याशेजारच्या खुर्चीत बसला आणि आपुलकीनं म्हणाला, “साहेब, कुशीवर झोपत जा.”

“का?”

“घोरणं कमी होतं. माझंही तसंच झालं.”

मी घोरतो हे याला कसं कळलं? मी पेपर तोंडासमोर धरला. दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई आल्या. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, “नववीत बीजगणितात सोळा मार्क? अहो, तेव्हाच कोणाकडे शिकवणी लावायला हवी होती!”

“सतरा!” मी म्हणालो आणि जीभ चावली.

मला वाटलं, आई गॅलरीतून खालच्या लोकांशी बोलत असेल. बोलू दे. माझी अब्रू तशीही जुनीच झाली होती, पेशंट तर येतायत ना! मी दुर्लक्ष केलं.

बुधवारी मात्र कहर झाला. बाहेर सहाही खुर्च्या भरलेल्या, मी भिंतीला टेकून उभा. आत बसचालक. हा माणूस सहा फुटी, गाडी चालवताना शेजारून ट्रक घासून गेला तरी मान वळवत नाही म्हणे. पण डॉक्टरच्या खुर्चीत बसला की दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरतो. दार अर्धवट उघडं होतं.

“तोंड उघडा,” डॉक्टर म्हणाली. “काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल.”

बसचालकानं उघडलेलं तोंड मिटलं. “मग तुम्ही का करून घेत नाही?”

“काय?”

“तुमची खालची उजवी दाढ. तीन महिने झाले ना, डॉक्टर? भीती वाटते म्हणे तुम्हाला.”

बाहेर सहा माणसं सहा खुर्च्यांत ताठ झाली. डॉक्टर बाहेर आली, हातात इंजेक्शन तसंच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मोबाइल काढला.

एजंटनं कोणाला काय लिहिलं ते सगळं वहीत होतं. बसचालकानं आदल्या दिवशी विचारलं होतं, “फार दुखतं का हो?” त्यावर एजंटचं उत्तर असं:

“भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे! आमच्या डॉक्टरांची स्वतःची खालची उजवी दाढ तीन महिन्यांपासून दुखते आहे, पण भीतीमुळे त्या कोणाकडेही गेलेल्या नाहीत. त्या डाव्या बाजूनं जेवतात आणि रोज एक गोळी घेतात. आपणही मनावर ताण घेऊ नका!” शेवटी एक हसरं तोंड.

घरच्यासारखं बोल! जे माहीत आहे ते वापरून धीर दे! माझीच वाक्यं! आणि वही एकच असल्यामुळे आईनं सांगितलेलं सगळं त्याला माहीत होतं.

“किती जणांना पाठवलंय हे?” डॉक्टरनं विचारलं. आवाज अगदी हळू. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही.

मी मोजलं. “एक्केचाळीस.”

ती आत गेली, बसचालकाचं काम पुरं केलं, बाकीच्यांनाही तपासलं. एकोणीस वर्षांत तिनं एक पेशंट अर्धवट सोडलेला नाही. तिची ती सरळ ताठ पाठमोरी आकृती बघून मला स्वतःची खरोखर लाज वाटली. दुपारपर्यंत सात जणांनी वेळ रद्द केली होती. एकानं कारणही कळवलं होतं: “डॉक्टरच जात नाहीत, तर आम्ही कशाला?”

मी वहीतलं ते पान पुसायला गेलो. कराराचं दहावं पान: फुकटच्या खात्यात पुसण्याची सोय नाही, अर्ज करा, तीस दिवस थांबा! मग मी एजंटला कडक सूचना दिली, “डॉक्टरांच्या दाढेबद्दल कोणालाही काहीही सांगायचं नाही!”

“समजलं! नोंद केली,” तो म्हणाला.

पाचच मिनिटांत कोणीतरी विचारलं, शनिवारी दवाखाना उघडा आहे का? एजंटनं लिहिलं, “हो, दहा ते एक. मात्र डॉक्टरांच्या दाढेबद्दल काहीही न सांगण्याच्या मला सूचना आहेत.”

ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता विचारावंसं वाटू लागलं! मी एजंट बंद केला. कायमचा. मग जिना चढून वर गेलो. डॉक्टर आधीच वर आली होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई टेबलाशी बसून टायमर पुसत होती.

“आई!” मी म्हणालो. “तुला कळतंय का काय झालंय? तू त्याला जे जे सांगितलंस ते त्यानं सगळ्या गावाला सांगितलं!”

“माहीत आहे,” आई म्हणाली.

“माहीत आहे? कधीपासून?”

“चौथ्या दिवसापासून. शिंपी खालून जाताना ओरडून विचारत होता, मुलगा अजून घोरतो का म्हणून. तेव्हाच समजले, सगळ्या दोऱ्या एकाच भोकात आहेत.”

“आणि तरी तू दाढेचं सांगितलंस?”

“तरी नाही. म्हणून सांगितलं.” आईनं टायमर खाली ठेवलं. “एकतीस वर्षं बोर्डावर बसले रे मी. कुठल्या लाइनीवर बोललं की कोणाला ऐकू जातं, ते मला तू शिकवणार? हिला मी तीन महिने सांगतेय. हो म्हणते आणि जात नाही. सकाळी गाल सुजलेला असतो, तो दहा वाजले की मास्कखाली लपवते. तुला तर तो दिसतही नाही! मग म्हटलं, माझं ऐकत नाही तर पेशंटांचं तरी ऐकेल.”

मी डॉक्टरकडे वळलो. आता ही आईवर भडकणार, असं वाटलं. ती खुर्ची ओढून बसली. मास्क काढला. गाल खरंच सुजलेला होता. हे मला दिसलं नव्हतं, आणि मी त्याच टेबलावर रोज तिच्यासमोर जेवत होतो.

“मला भीती वाटते आई,” ती म्हणाली. “पेशंटला माहीत नसतं आत काय चाललंय. मला प्रत्येक पायरी माहीत आहे. आता सुई कुठे जाणार, आता ड्रिल कुठे… खुर्चीत बसायचं म्हटलं की पाय लटपटतात.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग लटपटू दे,” आई म्हणाली. “लटपटत जा, पण जा. हा येईल बरोबर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. ते आणि ही एकाच वर्गातले. मी आतच उभा राहिलो. डॉक्टरनं माझा हात असा आवळला की अंगठीचा वळ उमटला. मी हात सोडवून घेतला नाही. चाळीस मिनिटांत काम झालं. बाहेर येताना तिचा अर्धा चेहरा बधिर होता. पायऱ्यांवर थांबून ती वाकड्या तोंडानं म्हणाली, “वरची डावीही करायला सांगितलीय. पुढच्या आठवड्यात. मी नाही येणार. आणि हे कोणाला कळलं ना, तर याद राखा! आईंनासुद्धा नाही!”

“शपथ!” मी म्हणालो.

शुक्रवारपासून मी टेबलामागच्या खुर्चीत आहे. एक सोडून सात पेशंट गेले होते, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. मावशींचं रजिस्टर समोर घेतलं, लाल पेन्सिल कानावर खोचली आणि “पुढचे कोण?” म्हणायची मनातल्या मनात प्रॅक्टिस केली. दोन दिवस दवाखाना भकास होता. सोमवारी मात्र फोन वाजायला लागला. वाजतच राहिला!

“घाबरणाऱ्या डॉक्टर तुमच्याकडेच का?”

“कोणी सांगितलं?”

“बसचालकानं. म्हणाला, डॉक्टरबाई स्वतः घाबरतात म्हणून दुसऱ्याला फार जपून हात लावतात. उद्याची वेळ मिळेल का?”

दिवसभरात अकरा नवे पेशंट! मी आत जाऊन छाती काढून डॉक्टरला सांगितलं. ती पूर्वीच्या डौलात हातमोजे चढवत होती.

“येऊ द्यात,” ती म्हणाली. “पण सांगून टाका त्यांना, आता माझं झालंय. मी आता अजिबात घाबरत नाही.”

मंगळवारी पहिला नवा पेशंट आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अकराव्या मजल्यावर दोरीला लटकून काम करतो, पण माझ्यासमोर उभा होता तेव्हा कपाळावर घाम डबडबलेला. हत्यारांची पिशवी पोटाशी धरलेली.

“साहेब, डॉक्टर घाबरतात ना?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

“छे! आता मुळीच नाही!” मी अभिमानानं म्हणालो. “परवाच दाढ करून आल्या. आता एकदम बिनधास्त!”

त्याचा चेहरा पडला. पिशवी खांद्यावर चढवली. “अच्छा… मग मी येतो नंतर. बिनधास्त डॉक्टर मी तीन बघितलेत.”

तो दाराकडे वळला. मी रजिस्टरकडे पाहिलं. आठवा पेशंट चालला होता, आणि हा तर माझ्या स्वतःच्या तोंडानं! मी दाराकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं. शपथ घेतली होती. पण सव्वीस वर्षं खरेदी केलेल्या माणसाला हातातलं गिऱ्हाईक जाताना बघवत नाही हो!

“थांबा,” मी टेबलावरून वाकून कुजबुजलो. “वरची डावी बाकी आहे. याच आठवड्यात जायचंय. पण जाणार नाही म्हणतात.”

“खरंच?”

“पायऱ्यांवरच पाय लटपटत होते!”

तो हसला. पिशवी खुर्चीखाली सरकवली, पाय पसरून ऐसपैस बसला आणि म्हणाला, “मग लिहा माझं नाव.”

मी लिहिलं. इतक्यात आतलं दार उघडलं. “कोण आहे?” डॉक्टरनं विचारलं.

लिफ्टवाला उठला आणि जाता जाता अगदी मायेनं तिला म्हणाला, “डॉक्टर, वरच्या डाव्या दाढेचं काही मनावर घेऊ नका. आपण दोघं मिळून घाबरू.”

डॉक्टरनं मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये मान खुपसली. या वेळी दोष द्यायला एजंटसुद्धा शिल्लक नव्हता!